सई काय आजची आहे?

‘ई’ने संपणारी दोन अक्षरी नावं ही अलीकडची फॅशन, हे मुलींच्या नावांवरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी सईबाई. १६४० साली लग्न झालं त्यांचं! सई म्हणजे सखी. आमची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, त्यात ‘सई’ हमखास यायची.

आणि जाई-जुई ही दोन नावं लेखात अशी एकाच ओळीत उरकू नका हो. जाईच्या कळीला बाहेरून गुलाबी झाक असते, जुई इवलीशी, पांढरीशुभ्र. माझ्या लेकीचं नाव जुई. इंग्रजीत शेवटी एक ‘आय’ की दोन ‘ई’, हे जन्मदाखल्याआधीच ठरवा. आमच्याकडे दाखल्यावर एक, शाळेत दुसरंच. पासपोर्टच्या वेळी प्रतिज्ञापत्र करावं लागलं.