पायपेटीच्या दुरुस्तीबद्दलच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. भात्याचं एक भोक बुजवायला आम्ही तुमच्या आजोबांची पायपेटी (पायाने भाता मारून वाजवायची हार्मोनियम) पावसाळाभर अडकवून ठेवली, आणि एवढे पैसे घेऊनही ती कीबोर्डशी जुळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पेटी टाकणारे इतरही लोक हे वाचतात, म्हणून इथेच सविस्तर सांगतो.

बाहेरून भोक एकच दिसत होतं. पायाखालचे दोन्ही भाते आणि हवा साठवणारा मोठा भाता उघडला, तर घड्यांच्या कोपऱ्यांत कातड्याचे पापुद्रे सुटत होते. हवा मागे फिरू नये म्हणून आत चामड्याच्या झडपा असतात, त्या कडक होऊन वाकल्या होत्या. एका बाजूला पूर्वी कुणीतरी सुताराचा पांढरा गोंद लावलेला. ते कातडं काढताना फळीचे ढलपे निघाले. आधी ती फळी भरून घेतली. आम्ही सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद) हाच लावतो तो याचसाठी. पुढच्या पिढीत कुणाला भाता उघडावासा वाटला, तर ऊब आणि ओल दिली की सरस लाकडाला न दुखवता सुटतो. जुन्या वाद्याला दुसरं काही लावणं मला पटत नाही.

पण सरस धरतो तो त्यातलं पाणी उडून गेल्यावर. आषाढ-श्रावणात आपल्या कुडाळात दोरीवरचा पंचा दोन-दोन दिवस वाळत नाही. त्या हवेत भाता चिकटवला असता तर सांधा कच्चा राहिला असता, वर फुगलेलं लाकूड नंतर आकसून कातडं ढिलं पडलं असतं. ‘पाऊस ओसरल्यावर देऊ’ हे पावतीवर लिहिलेलं आहे.

आता सुराचं. कीबोर्ड सहसा ४४० च्या मापावर असतो, म्हणजे त्याचा ‘ए’ हा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा. ही पेटी मुळातच त्यापेक्षा चढी आहे. ४४० चं माप १९३९ च्या लंडन परिषदेत ठरलं. त्याआधी इंग्लंडात याहून चढे सूर सर्रास चालत, तसेच या पेटीचेही आहेत. ते उतरवायचे तर प्रत्येक पितळी रीड (हवेने थरथरून सूर देणारी पातळ जीभ) बुडाशी खरवडून पातळ करावी लागते. ते मी करणार नाही. रीड साफ केल्या, आपापसांत जुळवल्या आणि मूळ सुरावर ठेवल्या. कीबोर्डला ट्यूनिंगची सोय असते, तो पेटीला जुळवून घ्या. दशावतारातही बाकीचे पेटीच्याच सुरावर येतात.

भाता घरीच तपासा. कुठलीही पट्टी न दाबता पाय मारून साठा भरा आणि थांबा. तो सावकाश उतरला पाहिजे. भसकन बसला तर पेटी घेऊन या, उघडून बघायचे पैसे घेणार नाही.