मारबतीची वही

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी लाल कापडी बांधणीची एक वही आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पिवळी आणि काळी मारबत, म्हणजे गावाची पीडा नेणारे मिरवणुकीतले मोठे पुतळे, निघून गेल्या, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ हा गलका ओसरला, की घरातल्या प्रत्येकाने तीत एक ओळ लिहायची : यंदा घरातून काय जावं. आजोबांनी सुरुवात केली, मग बाबांनी चालवलं, आता दादा चालवतो.

1957 च्या पानावर आजोबा लिहितात, ‘राजधानी गेली, हापिसं गेली, शेजार ओस पडला. हे रिकामपण ने.’ खाली चौथी शिकलेली आजी : ‘धुपटानं डोये गेले माये, हा धूर ने.’ पुढे बाबा शिक्षक झाले आणि जुनी पानं चाळताना त्यांनी लाल शाईने ‘डोये’चं ‘डोळे’ केलं. त्यानंतरच्या पोळ्याला आजीची ओळ बाबांच्या अक्षरात आहे, ‘आईच्या वतीने’ असा शेरा मारून. आजीने पुन्हा कधी त्या वहीला हात लावला नाही. बाबा शेवटपर्यंत हळहळत.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर दिवसभर अभिनंदनाचे संदेश येत होते. आनंद मलाही झाला. पण त्याच्या महिनाभर आधीच्या तान्ह्या पोळ्याच्या पानावर एकच ओळ होती, दादाची. पुढच्या वर्षी पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, विरोध पेटला, जूनअखेर तो मागे घेतला गेला. त्या विरोधाच्या बाजूने मी होते, आजही आहे. शाळेचा आधार नसला की भाषेचं काय होतं ते मी इथे जर्मनीत, फ्रायबुर्गमध्ये, माझ्या मुलीत रोज बघते. ती मराठी बोलते भरभर, लिहायला बसली की अडते. म्हणूनच विचारावंसं वाटतं, शाळेसाठी एवढे भांडणारे आपण घरात काय लिहितो?

इथून जवळच एमेंडिंगेन नावाचं छोटं गाव आहे. तिथे 1998 पासून रोजनिशींचं संग्रहालय आहे. लेखकांच्या नव्हे, साध्या माणसांच्या रोजनिशी, पत्रं, आठवणी. शेतकरी बाईची वहीसुद्धा नीट नोंदवून ठेवतात. या लोकांनाही ठेच लागलीच आहे. जर्मन शाळांमधली जुनी वळणदार लिपी 1941 मध्ये बंद झाली आणि आज माझ्या शेजारणीला आपल्याच आजीची पत्रं वाचता येत नाहीत. आमच्या पणजोबांचा मोडीतला जमाखर्च तसाच गाठोड्यात पडून आहे. फरक एवढाच, की तिची पत्रं वाचून द्यायला इथले म्हातारे स्वयंसेवक बसतात आणि आपल्याकडे असली गाठोडी घर बदलताना रद्दीत जातात.

हे आपल्याला नवीन नाही, याचंच वाईट वाटतं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडे जाऊन गोळा केल्या, लोकांच्या बोलीत लिहून काढल्या, आणि आपल्याच वऱ्हाडातल्या रिद्धपुरात ‘लीळाचरित्र’ झालं. अभिजात म्हणून आज आपण जे मिरवतो, त्याच्या मुळाशी साध्या माणसाचं बोलणं न बदलता टिपणारा हात आहे. विदर्भ साहित्य संघाने 2023 मध्ये शंभर वर्षं पूर्ण केली. नागपुरात अशा एखाद्या संस्थेने एक खोली घरगुती वह्यांसाठी द्यावी : रोजनिशी, हिशेब, पाककृतींच्या चोपड्या, तुरुंगातून आलेली पत्रं. मोडी वाचणारे दोघे-तिघे आठवड्यातून एकदा तिथे बसले तरी कितीतरी गाठोडी सुटतील. आमची वही मी पहिली देईन, लाल शाईसकट.

यंदा मुलीने ओळ कागदावर लिहून पोस्टाने पाठवली : ‘मारबत, आजिचा गुडगा दुकतो ते ने.’ दादाला फोन करून सांगितलं, कागद आहे तसाच चिकटव.