शेख दीन महंमद यांनी शाम्पू शोधला नाही

दर काही महिन्यांनी एक मजकूर फिरत येतो: पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी रिठा-शिकेकाईचा शाम्पू शोधून इंग्लंडला नेला आणि चंपाच्या फुलावरून त्याचं नाव ठेवलं. यातलं पाटणा आणि इंग्लंड तेवढं खरं.

आधी नावाचं बघू. १७४७-४८ मधल्या पूर्वेकडच्या एका समुद्रप्रवासाचं इंग्रजी वर्णन १७६२ साली छापलं गेलं. 'शाम्पू करणे' हे क्रियापद त्यात आहे. दीन महंमद यांचा जन्म १७५९ चा, म्हणजे तेव्हा ते तीन वर्षांचे होते.

फुलाचाही संबंध नाही. मूळ शब्द हिंदी 'चाँपना', म्हणजे दाबणं, रगडणं. आपण पाय चेपतो तसं. शेवटचा 'ऊ' आला तो 'चाँपो' या आज्ञार्थातून. हिंदुस्तानी क्रियापदं इंग्रजांच्या तोंडी हुकमाच्या रूपातच बसली: 'पकड़ो', 'लगाओ', 'बनाओ' यांचीही त्यांनी अशीच इंग्रजी क्रियापदं केली. भारतातल्या इंग्रजांच्या बोलीतले शब्द नोंदवणारा १८८६ चा हॉब्सन-जॉब्सन कोश ही पद्धत स्पष्ट नोंदवतो. चंपा धरला, तर हा 'ऊ' कुठून आला ते सांगता येत नाही.

मग इंग्लंडमधल्या ब्रायटनला १८१४ च्या सुमारास दीन महंमद यांनी काय सुरू केलं? औषधी वनस्पतींच्या वाफेचं स्नानगृह. माणूस वाफेत घामाघूम झाला की त्याला फ्लॅनेलच्या, म्हणजे मऊ लोकरी कापडाच्या, तंबूत घेत. तंबूला बाह्या शिवलेल्या असत; मालिश करणारा बाहेर उभा राहून त्यांतून फक्त हात आत घाली आणि अंग रगडी. उपचार संधिवातासारख्या दुखण्यांवर होता, केसांवर नव्हे. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या राजांनी त्यांना 'शाम्पूइंग सर्जन' नेमलं ते या कामासाठी. हा मान खरा आहे, त्याला खोट्या शोधाची जोड कशाला?

'केस धुणे' हा अर्थ इंग्रजीत १८६० च्या आसपास नोंदलेला सापडतो. दीन महंमद १८५१ मध्येच वारले होते.

बाटलीतला शाम्पू तर त्याहून बराच अलीकडचा. बर्लिनमध्ये हान्स श्वार्त्सकोफ यांनी १९०३ साली आणली ती पूड होती. साबणाची अडचण अशी, की जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याचा न विरघळणारा साका होतो, तो केसांवर बसतो आणि केस चिकट, निस्तेज दिसतात. कृत्रिम डिटर्जंटचा असा साका होत नाही, म्हणून १९३० च्या दशकात तसे शाम्पू बाजारात आले. रिठा-शिकेकाईचा फेस सॅपोनिन या वनस्पतींतल्या फेसाळ द्रव्याचा. ते रसायनच वेगळं.