बिनभाड्याच्या खोलीचं भाडं

आपल्याकडे तुरुंगाला लाडाने 'बिनभाड्याची खोली' म्हणतात. अमेरिकेला निघालेल्यांनी हा वाक्प्रचार विमानतळावरच सोडून जावा. तिथल्या बऱ्याच काउंटी जेलांत भाडं लागतं. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड काउंटीने २०११ साली दिवसाला १४२ डॉलर ४२ सेंट असा दर ठरवला होता, ऐपत असेल त्याच्याकडून. वरचे ४२ सेंट कसले, ते विचारू नका. हिशेब चोख असावा माणसाचा.

आधी पत्ता समजून घ्या. लांब मुदतीची शिक्षा झालेले 'प्रिझन'मध्ये जातात. काउंटी जेल म्हणजे जिल्ह्याचा तुरुंग आणि त्याचा यजमान सहसा मतांवर निवडून आलेला शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख. वर्षाच्या आतली शिक्षावाले इथे असतात, पण जास्त भरणा अशांचा, ज्यांचा निकालच लागलेला नाही. कायद्याच्या भाषेत निर्दोष! प्रवेशाची अट सोपी आहे: जामिनाचे पैसे नसावेत. जामीन ५००० डॉलर ठरला आणि तेवढे जवळ नसले, तर बाँडवाला साधारण दहा टक्क्यांत तुमची हमी घेतो. निर्दोष सुटलात तरी ते ५०० परत मिळत नाहीत. इलिनॉयने २०२३ मध्ये रोख जामीनच बंद केला, तेव्हा ही मजा घ्यायची असेल तर ते राज्य टाळा.

राज्य ठरलं की शेरीफ पारखून घ्या, कारण जेवण त्याच्या हाती. अलाबामात बरीच वर्षं एक गोड कायदा होता: कैद्यांच्या जेवणाच्या सरकारी पैशातून उरेल ते शेरीफने खिशात घालावं. राज्य देई माणशी दिवसाला पावणेदोन डॉलर. त्यातूनही उरवायचं म्हणजे सुगरणीलाच जमावं! मॉर्गन काउंटीचे शेरीफ ग्रेग बार्टलेट यांनी तीन वर्षांत २ लाख १२ हजार डॉलर उरवले. ५०० डॉलरला अर्धा ट्रक कॉर्न डॉग मिळाले (काडीला टोचलेलं, मक्याच्या पिठात तळलेलं सॉसेज), ते आठवडेच्या आठवडे दिवसातून दोनदा वाढले. २००९ साली न्यायाधीशांनी त्यांनाच एक रात्र आत पाठवलं. त्या रात्री त्यांच्या ताटात काय होतं, ही माझी जुनी उत्सुकता. एटोवा काउंटीच्या टॉड एन्ट्रेकिन यांनी तर साडेसात लाखांहून जास्त उरवले आणि समुद्रकिनारी घर घेतलं, ते २०१८ मध्ये गाजलं. पुढच्या वर्षी कायदाच बदलला. चांगल्या गोष्टी टिकत नाहीत.

पोट नाहीच भरलं तर कँटीन आहे. कैद्यांमधलं चलन म्हणजे तिथलं नूडल्सचं पाकीट. पाकिटातच नूडल्स चुरायच्या, त्यात चिप्सचा चुरा आणि गरम पाणी ओतायचं, तोंड पिरगळून टॉवेलात गुंडाळून ठेवायचं. दहा मिनिटांनी लगदा तयार. शेजाऱ्याला दोन घास द्या, उद्या तुमच्यावर वेळ येईल.

घरी फोन जरूर करा, पण आईला सांगा, रडू नकोस, मिनिटं जातात. अनेक ठिकाणी फोन कंपनी काउंटीला वाटा देत आली, म्हणून आईच्या हुंदक्यावरही काउंटीची कमाई. तुरुंगातल्या नातवाशी बोलता बोलता कंगाल होत चाललेल्या मार्था राइट या अंध आजीबाई २००० साली कोर्टात गेल्या. दर रोखण्याचा कायदा झाला २०२३ मध्ये. आजी २०१५ मध्येच गेल्या होत्या. घाई कशाला?

डॉक्टर आहे. बऱ्याच काउंट्यांत चिठ्ठी टाकायची, तपासणीची फी तुमच्या तुरुंगातल्या खात्यातून कापली जाते.

हे सारं फारच सामान्य वाटत असेल, तर गाठीला पैसा ठेवून किरकोळ गुन्हा करा आणि कोर्टाची परवानगी काढा. कॅलिफोर्नियातल्या सील बीचसारख्या काही गावांच्या कोठड्यांत दिवसाला शंभरेक डॉलर भरले की काउंटी जेलऐवजी तिथे शिक्षा काढता येत असे. नवी गादी, सपाट टीव्ही.

सुटका बहुधा भलत्याच वेळी होते, मध्यरात्रीनंतरही. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत परत मिळतात. आत जाताना खिशात होते ते पैसे मात्र बऱ्याच ठिकाणी नोटांत नाही, कार्डावर मिळतात. बस बंद, फोनची बॅटरी संपलेली. कार्डात किती उरलेत ते एटीएमवर बघावंसं वाटेल. बघा की, त्याचे वेगळे कापतील.