सप्टेंबरच्या पटावरची पोरं दिवाळीनंतर कुठं जातात?

आज पुन्हा एका बैठकीत तेच ऐकलं, "ऊसतोडवाल्यांना शिक्षणाची किंमतच नाही, त्यांची पोरं शाळेत टिकत नाहीत." डोकं फिरलं.

बीड जिल्ह्यातले पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, यातल्या कुठल्याही तालुक्यातला एखादा हजेरीपट उघडा. सहावीतली एखादी मुलगी घ्या. जूनपासून दिवाळीपर्यंत खाडा नाही. मग कोयता, म्हणजे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं, निघतो आणि धाकट्याला सांभाळायला तीही ट्रकात बसते. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, ती कोपीवर, तोडवाल्यांच्या झोपडीत. सहावीला कायद्यानं वर्षाला किमान २२० दिवस शाळा. त्यातली जवळपास निम्मी उसाच्या फडात गेली. किंमत नसती तर दिवाळीपर्यंत रोज आली असती का ती?

आणि पटावर काय असतं? मधूनमधून ती हजर! पोरगी सांगलीकडे वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंड्या बांधतेय आणि गावात तिची हजेरी लागतेय. कारण उघड आहे. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते, शिक्षकांची पदं तेव्हाच ठरतात. पुढे सलग महिनाभर गैरहजेरी लिहिली की मूल शाळाबाह्य, आणि जाब मास्तरलाच. मास्तरांच्या डोक्यावर शंभर कामं आहेत, मान्य. पण जे मूल कागदावर गावातच बसलंय, त्याला कारखान्याकडच्या शाळेत बसवायला कोण जाणार?

उपाय नवा शोधायचा नाहीये. हंगामी वसतिगृह आहे. नाव वसतिगृह, पण बऱ्याच गावांत मूल आजी-आजोबांकडे झोपतं आणि शाळा व्यवस्थापन समिती दोन्ही वेळचं जेवण देते, दुपारी पोषण आहार असतोच. आजीपाशी लेकरू ठेवायला आया तयार असतात हो. पोटच्या पोरीला थंडीत पाचटावर झोपवायची हौस कुठल्या आईला आहे? पण ती ट्रक निघायच्या दिवशी ठरवते, आणि त्या दिवशी वसतिगृहाला मंजुरी नसते. महिन्याभरानं मिळालेली मंजुरी त्या सहावीतल्या मुलीच्या काय कामाची? म्हणून यादी दसऱ्याआधी करा: कोण जाणार, कुणाच्या घरी सांभाळणारं माणूस आहे, कुणाच्या नाही. समितीचा ठराव आणि प्रस्ताव तेव्हाच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे.

ज्यांना न्यावंच लागतं त्यांच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्या. इयत्ता, स्टुडंट आयडी, वाचन-गणित कुठवर आलंय ते स्पष्ट लिहा, टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नंबर टाका, एक प्रत शाळेत ठेवा, पुस्तकं सोबत बांधून द्या. तिकडच्या मुख्याध्यापकांनी दाखल्यासाठी अडवायचं नाही, शिक्षणहक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. टोळी कर्नाटकात गेली तर समोर कन्नड शाळा, तिथं पत्रक फारसं कामाला येत नाही, हेही खरं. त्या पोरांसाठी वसतिगृहाची जागा सगळ्यात आधी राखा.

आणि गैरहजर मूल गैरहजरच लिहा. खऱ्या आकड्याबद्दल मास्तरला नोटीस काढणाऱ्या साहेबांचा मला खोट्या हजेरीपेक्षा जास्त राग येतो.

सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या मित्रांनो, तुमच्या शिवारात कोणती टोळी कुठं उतरलीय हे कारखान्याच्या शेतकी खात्याला आणि फडावर उसाच्या स्लिपा देणाऱ्या स्लिपबॉयला पक्कं माहीत असतं. कोप्यांची गावनिहाय यादी त्यांच्याकडून घ्या आणि तिथल्या शाळांच्या केंद्रप्रमुखांना नेऊन द्या. फड हलला की यादी बदलते, दर पंधरवड्याला पुन्हा विचारा.