दोन तंत्रज्ञांना प्रमाणपत्र का दिले नाही : आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय,

आपल्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यातून आमच्या सुरक्षा प्रशिक्षण केंद्रात आलेल्या चार तंत्रज्ञांबद्दल आपण एक तारा देऊन सविस्तर अभिप्राय लिहिला आहे. पूर्ण शुल्क घेऊनही दोघांना प्रमाणपत्र नाकारले, दोन दिवसांपैकी अर्धा दिवस मेन स्विचला कुलूप लावायला शिकवण्यात घालवला, पंधरा वर्षे काम केलेल्या माणसांची शाळकरी मुलांसारखी परीक्षा घेतली आणि ऐन मे महिन्यात त्यांना पत्र्याच्या शेडमध्ये बसवले, असे आपले म्हणणे आहे.

शेडबद्दलची तक्रार रास्त आहे. हंगाम संपल्याशिवाय कारखान्यांना माणसे सोडता येत नाहीत, त्यामुळे वर्ग एप्रिल-मे महिन्यांतच घ्यावे लागतात, आणि केळापूर तालुक्यातील त्या दिवसांची दुपार कशी असते हे आपण जाणताच. त्यातच आमचा एक कूलर बंद होता. यापुढे प्रात्यक्षिके सकाळी अकराच्या आत संपवून दुपारचा वर्ग पक्क्या खोलीत घेतला जाईल. आपल्या माणसांना झालेल्या त्रासाबद्दल मी क्षमा मागतो.

कुलपाबद्दल मात्र मला सविस्तर लिहावे लागेल. स्टॉपचे बटण दाबले की स्टार्टरमधील कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा पुरवठा जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकी स्विच, सुटतो आणि मोटर थांबते, परंतु कॉन्टॅक्टरच्या वरच्या टर्मिनलांवर ४१५ व्होल्टचा पुरवठा कायम असतो आणि कोणीही सुरू करण्याचे बटण दाबले तर रेचा, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करणारे यंत्र, पुन्हा फिरू लागतो. लाईट गेल्यावरही कॉन्टॅक्टर सुटतो, सगळे शेड शांत होते, आणि नेमक्या त्याच वेळी रोलरमध्ये अडकलेली रुई काढून घ्यावी असे फिटरला वाटते. आपल्या भागातील बहुतेक तंत्रज्ञ शेतकऱ्यांच्या घरचे आहेत. शेतातील पंपाला ऑटो बसवलेला असतो, रात्री-अपरात्री लाईट आली की पंप आपोआप सुरू होतो, आणि लाईट आली म्हणजे काम सुरू करायचे ही सवय लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते. पॅनलजवळ उभा असलेला माणूस त्याच सवयीने ओळीतील सगळे स्टार्टर भराभर दाबत जातो. पलीकडे कोणाचा हात रोलरमध्ये आहे, हे त्याला तेथून दिसत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. केंद्र सुरू करण्यापूर्वी मी एका जिनिंगमध्ये अकरा हंगाम फिटर होतो आणि माझ्या शेजारच्या रेच्यावर काम करणाऱ्या सहकाऱ्याची उजव्या हाताची तीन बोटे अशाच एका संध्याकाळी गेली. स्टार्टर दाबणारा त्याचा सख्खा चुलतभाऊ होता. मेन स्विचला त्या फिटरचे स्वतःचे कुलूप असते आणि त्याची एकमेव किल्ली त्याच्या खिशात असती, तर त्या भावाला काही करताच आले नसते. म्हणून आम्ही अर्धा दिवस त्या कुलपाला देतो, आणि पुढेही देत राहू.

आता त्या दोघांविषयी. चौघांनाही एकच काम दिले होते : आमच्या जुन्या रेच्याचा पुरवठा तोडून अडकलेली रुई काढणे. एकाने स्टॉपचे बटण दाबले आणि लगेच गार्ड काढला. दुसऱ्याने मेन स्विच खाली करून कुलूप लावले, टॅगही अडकवला, पण टेस्टर फक्त एका फेजला लावून हात आत घातला. जुन्या स्विचमध्ये एखादे पाते चिकटून राहते आणि दोन फेज बंद असताना तिसरा चालू राहतो, म्हणून तिन्ही फेज तपासायचे असतात. टेस्टरसुद्धा आधी चालू जागेवर, मग बंद केलेल्या जागेवर आणि शेवटी पुन्हा चालू जागेवर लावून पाहायचा असतो, कारण बिघडलेला टेस्टरही पेटत नाहीच. दुसऱ्या दिवशी दोघांना पुन्हा संधी दिली, तेव्हाही त्याच चुका झाल्या. दोघेही हुशार आहेत, त्यांचे हात सफाईदार आहेत, आणि माझी खरी काळजी तीच आहे : पंधरा वर्षे काही झाले नाही, या विश्वासाने त्यांचे हात चालतात.

चालत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी टाळताच येत नसेल, तर ते काम विशेष प्रशिक्षण घेतलेल्या, अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या आणि नोंदवहीत नाव असलेल्या कामगारानेच करावे, अशी अट १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २२ ने घातली होती. मी दिलेला कागद पाहून कारखानदार कोणाला यंत्राजवळ पाठवायचे ते ठरवतो. तपासणी जवळ आली असून चारही प्रमाणपत्रे हवी आहेत, ही आपली अडचण मला समजते, परंतु त्या अडचणीसाठी मी त्यावर सही करू शकत नाही.

माझी एक चूक मात्र मान्य केली पाहिजे. नाकारण्याचे कारण मी त्या दोघांना तोंडी सांगितले, आपल्याला लेखी कळवले नाही, आणि आपल्या माणसांनाच मालकासमोर उभे राहून ते सांगावे लागले. चौघांच्याही प्रात्यक्षिकाची लेखी नोंद या आठवड्यात आपल्याला पाठवत आहे.

दिवाळीपूर्वी, रेचे सुरू होण्याच्या आधी, मी स्वतः आपल्या कारखान्यात येऊन आपल्याच पॅनलवर त्या दोघांची फेरपरीक्षा घेईन. तिचे वेगळे शुल्क नाही आणि दोन तासांपेक्षा अधिक वेळ लागणार नाही. कुलपे मी सोबत आणेन. ही व्यवस्था आपल्याला मान्य नसेल, तर दोघांचे शुल्क परत केले जाईल.

आपला,
केंद्रचालक