चार्ज लागेल

एसीतून गार हवा येईना म्हणून बोलावलेल्या कारागिराने जाळीसुद्धा न काढता निदान केलं. "गॅस कमी झालाय, चार्ज करावा लागेल. चार्जिंगचा चार्ज अडीच हजार. नाही केलंत तर व्हिजिट चार्ज पाचशे." मग "चार्ज संपला वाटतं" म्हणत त्याने स्वतःचा मोबाइल माझ्याच प्लगला लावला. त्याचे मी काही लावले नाहीत, ही रुखरुख अजून आहे.

एसी उघडला की बिल्डिंगमध्ये माणसं जमतात. दुसऱ्या मजल्यावरचे काका महसूल खात्यातून निवृत्त झालेले. 'चार्ज' हा शब्द कानावर पडताच ते खुर्ची ओढून बसले.

"चार्ज कसा घ्यायचा हे आम्हाला विचार. कपाटं किती, किल्ल्या किती, शिक्के किती, सगळी यादी. एकदा यादीत टेबल होतं, पाय तीनच. मी लिहून घेतलं, 'टेबल एक, पाय तीन.' मगच सही. तू काय करणार?"

"काका, गॅस भरणार."

"किती?"

"लागेल तेवढा."

"वजन करून?"

"अंदाज असतो आम्हाला."

"अंदाजावर चार्ज घेतला असता, तर माझ्यावर चार्जशीट निघालं असतं!"

"अहो, पण चार्ज तर मी घेणार आहे ना, अडीच हजार."

यावर काका निरुत्तर झाले. महसूल खात्याचा माणूस निरुत्तर झालेला प्रथमच दिसला.

पण त्यांचं म्हणणं चोख होतं. एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळला, आणि बहुधा तांब्याच्या नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटच्या सांध्यातून. आधी नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते बघायचं, सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधायचे, गळती बंद करायची. मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढायची. याला वीस-तीस मिनिटं सहज जातात. शेवटी सिलिंडर काट्यावर ठेवून, बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेत तेवढेच ग्रॅम भरायचे. गळती तशीच ठेवून भरलेला गॅस पुन्हा उडून जातो आणि आपल्याकडून पुन्हा अडीच हजार. कित्येकदा तर नुसती जाळी तुंबलेली असते. ती नळाखाली धुवायला कोणी चार्ज घेत नाही, म्हणूनच कोणी सुचवत नाही.

'चार्ज' या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या गाडीत आहे. 'कार्रुस' म्हणजे गाडी, त्यावरून गाडीत माल भरणं. कार, कार्गो आणि चार्ज एकाच गाडीतून उतरलेले. तोफेत दारू ठासली तोही चार्ज, आरोपीवर ठेवला तोही चार्ज. अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनने विजेने भरलेल्या बरण्यांच्या ओळीला तोफखान्यातला 'बॅटरी' हा शब्द लावला. कुठलाही अर्थ घ्या, कोणाच्या तरी अंगावर ओझं पडतंच.

आणि ते फार गोड बोलून पडतं. हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला बजावलं, मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलूनही धरलं. तरी तो काढा म्हटलं की वेटर असा बघतो, जणू आपण त्याच्या ताटातली पोळी उचलली.

महावितरणने मात्र चार्जला अस्सल मराठी शब्द दिलाय, 'आकार'. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. महिनाभर गावाला जा, मेन स्विच बंद ठेवा, एक युनिट जाळू नका. स्थिर आकार येतोच, आणि त्या न वापरलेल्या विजेच्या आकारावर 16 टक्के वीज शुल्कही येतं.